पन्हळ लावताय? आधी छप्पर मोजा, मग भाव सांगा



मागच्या जूनमधला एक फोन सांगतो. आमच्या बॅचमधला एक फॅब्रिकेटर, संगमेश्वर बाजूचा. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड अशी कामं करतो. हात एकदम साफ. मे महिन्यात त्याने एका कौलारू घराला दोन्ही बाजूंनी पन्हळ लावून दिली. मालक खूश. ॲडव्हान्स मिळालेला होता, बाकीचे पैसे "पाऊस पडल्यावर बघू" यावर थांबलेले. पहिला जोराचा पाऊस झाला आणि रात्री साडेनऊला याला फोन: "पन्हळ मधूनच उतू जातेय, पडवीत पाणी आलंय, आत्ताच्या आत्ता या."

दुसऱ्या दिवशी याचा मला फोन. "सर, पत्रा चांगला वापरलाय. एक जॉईंट गळत नाहीय. मग चुकलं कुठं?"

मी विचारलं, घर केवढं? म्हणाला, लांबी पन्नास फूट, दुपाखी. खाली उतरणारे पाईप किती? "एका बाजूला एक. अडीच इंची."

चूक तिथेच होती. पन्हळीत नव्हतीच.

आज हाच विषय घेऊ. शेडची कामं करणाऱ्यांना एप्रिल-मेमध्ये पन्हळीची चौकशी येतेच, आणि बहुतेक जण ते काम "त्यात काय, पत्रा वाकवला की झालं" म्हणून घेतात. ज्यांना स्वतःच्या घराला लावून घ्यायची आहे त्यांनीही वाचा, म्हणजे समोरच्याला काय विचारायचं ते कळेल. आणि एक गंमत. दुकानात गेलात तर "गटर" म्हणा, नाहीतर सामान मिळणार नाही. घरमालकाशी बोलताना मात्र "पन्हळ" म्हणा. "तुमच्या घराला गटर लावतो" हे ऐकायला कोणालाच बरं वाटत नाही.

आधी पाण्याचा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एकच सूत्र पाठ करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

आता आपल्या मित्राचं घर. एका पाख्याची लांबी ५० फूट. रुंदी मोजताना कौलावर चढायची गरज नाही. जमिनीवर पागोळी पडते तिथून आढ्याच्या बरोबर खालच्या जागेपर्यंत टेप धरा. उतारावरची लांबी नको, आडवं अंतर हवं, कारण सरळ पडणारा पाऊस तेवढ्याच जागेवर पडतो. इथे ते १४ फूट निघालं. म्हणजे ७०० चौरस फूट, साधारण ६५ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस आला तर ६,५०० लिटर. मिनिटाला शंभर लिटरच्या वर. दोनशे लिटरचं निळं पिंप दर दोन मिनिटांना एक भरेल एवढं पाणी, आणि ते सगळं एका अडीच इंची पाईपमधून उतरायला सांगितलेलं.

कोणी म्हणेल, तासाला १०० मिलिमीटर जरा जास्तच धरलंय. तुमच्या तालुक्याचा वर्षाचा पाऊस किती यावर जाऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याला चोवीसने भागलं तर तासाला चाळीस मिलिमीटरसुद्धा होत नाही. पण त्या दिवशी तो असा समान वाटून पडला नव्हता, त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. पन्हळीला सरासरी कळत नाही. तिची परीक्षा त्या सगळ्यात वाईट दहा मिनिटांत होते. म्हणून कोकणात, घाटमाथ्यावर, गोव्यात १०० च्या खाली धरू नका. पुण्यात वर्षाचा पाऊस कोकणाच्या पाव हिस्सा असला तरी वळवाची सर तिथेही दहा मिनिटांत रस्ता बुडवते, त्यामुळे पुण्यात फार कमी धरून चालेल असंही समजू नका.

आता पाईप. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये पावसाच्या पाईपांचा एक तक्ता आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७५ मिलिमीटरचा पाईप साधारण २० चौरस मीटर छपराचं पाणी नेतो, १०० मिलिमीटरचा साधारण ४२ चौरस मीटरचं. हा तक्ता जरा हात राखून केलेला आहे, पण घरमालकाला शब्द देताना हात राखलेलाच बरा. बाजारात पीव्हीसीचा जो ७५ मिलिमीटरचा, त्याला अडीच इंची म्हणतात. ११० चा, त्याला चार इंची, आणि त्याचं आतलं माप शंभराच्या आसपास भरतं. बघा, ६५ चौरस मीटरला २० वाला एक पाईप. तिपटीहून जास्त बोजा. दोन चार इंची पाईप हवे होते, दोन टोकांना एकेक. पैशात फरक किती? पूर्ण कामाच्या मानाने किरकोळ. पण तो किरकोळ फरक वाचवल्यामुळे बाकीचं सगळं पेमेंट अडकलं.

पाईप मोठा घेतला तरी त्याचं तोंड बारीक ठेवू नका. पन्हळीला भोक पाडून पाईप नुसता खाली चिकटवला तर पाणी तोंडाशी गोल फिरतं, हवा ओढतं आणि पाईप अर्धा रिकामाच वाहतो. तोंडाशी छोटी पेटी करा, वर रुंद आणि खाली निमुळती. पत्र्याचं काम करणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम आहे. खाली वळताना काटकोनी एल्बो टाळा, ४५ चे दोन लावा. कचरा नेमका काटकोनातच अडकतो.

कोणता पत्रा, कोणतं प्लास्टिक

आपल्याकडे पन्हळ ही काही नवी गोष्ट नाही. पोफळीचं खोड उभं चिरून, आतलं कोरून केलेली पन्हळ कोकणात आपल्या आजोबांच्या काळापासून आहे. चार-पाच वर्षांत कुजली की दुसरी. खर्च शून्य, कारण पोफळ परसात. आता ते सामान आणि ते हात दोन्ही कमी झाले.

आज गिऱ्हाईकासमोर तीन पर्याय असतात. साधा जीआय पत्रा सगळ्यात स्वस्त, कुठेही वाकवून मिळतो. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तो लवकर गंजतो, आणि गंज सुरू होतो कापलेल्या कडेपासून. कलर कोटेड पत्रा त्याहून टिकतो, एका अटीवर: तो ग्राइंडरने कापू नका. ठिणग्या उडून शेजारचा रंग आणि जस्त दोन्ही जळतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे तपकिरी ठिपके दिसतात. पत्रा कापायची कात्री वापरा. वेळ जास्त लागतो हे मला मान्य आहे.

ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, महाग. त्याला लोखंडी स्क्रू मारू नका. दोन धातू ओल्यात एकमेकांना चिकटले की एक दुसऱ्याला खातो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि मध्ये रबरी वॉशर. किनाऱ्याजवळच्या गावात आणि खर्च करायची तयारी असलेल्या मालकाला मी हेच सुचवेन.

पीव्हीसी पन्हळ दिसायला नीट, जोडायला सोपी, गंजायचा प्रश्नच नाही. तिची दोन दुखणी. एक म्हणजे ऊन. चांगल्या दर्जाची नसेल तर काही वर्षांत ठिसूळ होते. दुसरं, ती उन्हात वाढते आणि थंडाव्यात आखडते. चार मीटरच्या तुकड्यात तीस अंशांच्या फरकाला सात-आठ मिलिमीटर. म्हणून प्रत्येक जोडाला हलायला जागा ठेवावी लागते. मे महिन्यातल्या दुपारी घट्ट बसवलेली पन्हळ जुलैत जोडातून सुटते, आणि मग लोक म्हणतात प्लास्टिकच वाईट. आणि हो, तुमच्या गावात माकडांचा त्रास असेल तर पीव्हीसी देऊच नका. माकड कौलावरून उडी मारतं ते थेट पन्हळीवर.

पाईप उभा चिरून केलेली पन्हळ? गोठ्याला, मागच्या पडवीला चालते. घराच्या पुढच्या बाजूला लावून पूर्ण पैसे मागू नका.

जुन्या घरांना सिमेंटची पन्हळ दिसेल, त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. तिला ग्राइंडर, करवत काहीही लावायचं नाही. पाणी मारून ओली ठेवा, अख्खीच उतरवा, फोडू नका. ती धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही.

बसवताना

उतार किती? दहा फुटाला अर्धा इंच धरा. पन्नास फुटांचं पाणी एकाच टोकाला नेलं तर दोन टोकांत अडीच इंचांचा फरक पडतो. मग एका टोकाला पन्हळ कौलापासून इतकी खाली जाते की झड आली की पाणी पन्हळीच्या मागूनच भिंतीवर. म्हणून लांब पाख्याला मधला बिंदू उंच ठेवा आणि दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस फूट उतरवा. फरक सव्वा इंचावर येतो, खालून डोळ्याला जाणवतही नाही.

उतार कौलाच्या कडेच्या अंदाजाने घेऊ नका. जुन्या घराची कड कधीच सरळ नसते. वासे बसलेले असतात, एखादा कोपरा दोन इंच खाली गेलेला असतो. आपल्या मित्राने इथेही गडबड केली होती, कडेला समांतर पन्हळ लावली आणि मधे पाणी साचायला लागलं. पाण्याची लेव्हल नळी घ्या, दोन टोकांना खूण करा, लाईनदोरी ताणा आणि मग क्लॅम्प ठोका.

क्लॅम्प दोन ते अडीच फुटांवर हवेत. चार फुटांवर लावले तर रिकामी पन्हळ छान दिसते, पण भरल्यावर? सहा इंच रुंद आणि चार इंच खोल पन्हळ काठोकाठ भरली तर एका मीटरला पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो. पन्नास फुटांना सव्वादोनशे किलोच्या वर. त्यात ओला पाचोळा. मधे झोळ आला की तिथे पाणी साचतं, आणि साचलं की आणखी झोळ. क्लॅम्प वाशांना पकडा. वाशांच्या टोकांना ठोकलेल्या फळीत स्क्रू मारणार असाल तर आधी फळीत पेचकस खुपसून बघा. तो आरामात आत गेला तर फळी बदलल्याशिवाय काम घेऊ नका.

आता ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती फार कमी लोक करतात. पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा. पन्हळ कधीतरी तुंबणार, कधीतरी उतू जाणार. त्या दिवशी पाणी अंगणात पडलं पाहिजे, भिंतीकडे नाही. चिऱ्याची भिंत पाणी पिते. एकदा ओली झाली की आतला गिलावा फुगतो, आणि गिऱ्हाईक पुढची पाच वर्षं ती भिंत दाखवून तुमचं नाव घेतं.

कौलाचं टोक पन्हळीत साधारण दोन इंच आलं पाहिजे. कमी असेल तर रिमझिम पावसात पाणी कौलाच्या खालच्या अंगाने मागे सरकतं. जास्त असेल तर जोराच्या सरीत पन्हळ ओलांडून पुढे जातं. पत्र्याच्या छपरावर हा त्रास जास्त, कारण गुळगुळीत पत्र्यावरून पाणी वेगाने येतं. तिथे रुंद पन्हळ घ्या आणि पुढची कड छपराच्या उताराच्या रेषेच्या किंचित खाली ठेवा. फार वर घेतली तर उलट पाणी छपराखाली शिरेल.

जोड करताना वरच्या अंगाचा तुकडा आत, खालच्या अंगाचा बाहेर, किमान चार इंच चढवून. कौलं कशी एकावर एक असतात, तसंच. मधे सिलिकॉन, मग रिव्हेट. सिलिकॉनची ट्यूब घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन काचेसाठी ठीक, जस्ताच्या पत्र्याला ते खातं. दुकानदाराला न्यूट्रल क्युअर मागा.

आणि काम संपल्यावर निघायची घाई करू नका. वरच्या टोकाला दहा-बारा बादल्या पाणी ओता, फोनवर व्हिडिओ काढा. पाणी कुठे थांबलं, किती वेळात उतरलं ते मालकाला दाखवा आणि तो व्हिडिओ त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. हे मी शिकवतो तेव्हा पोरं हसतात. पण उरलेलं पेमेंट "पाऊस पडल्यावर" नको असेल, तर मे महिन्यात पाऊस पाडून दाखवायला हवा ना?

भाव कसा सांगायचा

रनिंग फुटाचा एकच आकडा सांगितला की तुम्ही हरलात. शेजारच्या गावातला दुसरा माणूस त्याच्यापेक्षा कमी सांगणार, आणि तो पाईप एकच लावणार हे मालकाला कसं कळणार? कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळी करा: पन्हळ किती फूट, क्लॅम्प किती, खाली उतरणारे पाईप किती आणि किती इंची, तोंडाच्या पेट्या, परांची, आणि पाणी जमिनीवर आल्यावर कुठे जाणार. शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात. पन्हळ लावून चार इंची धार जोत्याच्या मुळाशी सोडली, तर आधी पागोळी बरी होती अशी वेळ येते. पाणी जोत्यापासून लांब न्या, शोषखड्ड्यात न्या, विहिरीत सोडायचं असेल तर पहिल्या पावसाचं घाण पाणी वेगळं काढायची सोय करा. शेजाऱ्याच्या कुंपणात मात्र सोडू नका. गावात यावरून झालेली भांडणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितली असतील.

पत्र्याचे आणि मजुरीचे भाव मी इथे लिहीत नाही, ते महिन्याला बदलतात. पण एक खर्च प्रत्येकाने आपापला काढावा: पुन्हा जावं लागलं तर काय लागतं? गाडीचं पेट्रोल, दोन माणसांचा दिवस, बुडालेलं दुसरं काम. त्यात जूनमध्ये ओल्या कौलावर चढता येत नाही, उघडीप मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढे दिवस मालक रोज फोन करतो. आपल्या मित्राला उघडीप आठ दिवसांनी मिळाली. दोन्ही पाखे परत खोलले, मधला बिंदू उचलला, चारही टोकांना चार इंची पाईप दिले. सामान त्याच्या खिशातून. पैसे मिळाले, पण त्या कामात त्याला काही उरलं नाही.

कधीकधी पन्हळ लावू नका असंही सांगा. घर फणस-आंब्याच्या दाट झाडीत असेल, वळचण भरपूर पुढे आलेली असेल, खाली चिऱ्यांची फरशी असेल, तर पूर्ण पन्हळीपेक्षा दारावर आणि पायऱ्यांवर तेवढी पन्हळ पुरते. काम लहान होईल. पण त्या घराला पूर्ण पन्हळ लावून ती दर पंधरा दिवसांनी तुंबली, तर शिव्या तुम्हालाच.

खरं उत्पन्न साफसफाईत आहे

कोकणातली कितीतरी घरं जून-जुलैत बंद असतात. मालक मुंबईला, येणार ते गणपतीला. नेमकं याच काळात पन्हळीत पाचोळा अडकतो, पाणी भिंतीवर येतं, आणि कळतं दोन महिन्यांनी, दार उघडल्यावर वास आला की. या चाकरमान्यांना वर्षाचं साफसफाईचं काम द्या: मे अखेरीस एकदा, पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर एकदा, गणपतीच्या आधी एकदा. पहिल्या पावसानंतरची फेरी चुकवू नका, कारण छपरावर वर्षभर साठलेली माती, शेवाळ आणि कौलांचे कपचे तेव्हाच खाली येतात. प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा. मालकाला घर बघायला मिळतं, तुम्हाला पुढच्या वर्षीचं काम.

पाईपच्या तोंडावर सपाट जाळी लावू नका, एक फणसाचं पान पडलं की ती बंद. तारेची फुग्यासारखी गोल जाळी लावा. पूर्ण पन्हळीवर जाळी टाकायचा आग्रह लोक धरतात. झाडी कमी असेल तर चालेल, पण बारीक पानं आणि मोहोर त्यातून आत जाऊन बसतो आणि मग साफ करायला जाळीच काढावी लागते. साचलेलं पाणी फक्त भिंतीचा प्रश्न नाही. डेंग्यूचा डास अशाच थोड्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अंडी घालतो. साफसफाईचं काम विकताना हे सांगा. घाबरवण्यासाठी नाही, खरंच आहे म्हणून.

साफ करायला एकटे जाऊ नका. शिडी धरायला माणूस हवाच, आणि ती चार फूट उंचीला एक फूट या हिशोबाने भिंतीपासून लांब टेका. पन्हळीला टेकवून चढू नका, ती तुमचं वजन घ्यायला केलेली नाही. घरात येणारी विजेची तार कुठून येते ते चढायच्या आधी बघा, विशेषतः ॲल्युमिनियमची शिडी असेल तर. शेवाळ धरलेल्या कौलावर पाय ठेवायचा नाही, मालक कितीही म्हणाला "जरा तेवढं वरचं कौल बघा ना" तरी.

क्लॅम्प वाकवायचा साचा आणि तोंडाची पेटी कशी करायची ते पुढच्या व्हिडिओत पत्रा हातात घेऊन दाखवतो. तोपर्यंत आपल्या घराचा एक पाखा मोजा आणि खाली उतरणारे पाईप किती आणि किती इंची आहेत ते बघून ठेवा.